खालून पाचवी पायरी

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ळ चा र होतो. डोळ्याला डोरा म्हणतात, काळ्याला कारा, आणि तलावाच्या पाळीला पार. २०२२ च्या मे महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातून नवीनच बदलून आलेले एक इंजिनिअर साहेब आमचं तलावातलं काम बघायला यायचे होते. मी फोनवर सांगितलं, "साहेब, पारवर या, आम्ही सगळे तिथंच आहोत." साहेब मारुतीच्या देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर पाऊण तास बसून राहिले. इकडे आम्ही चौतीस जण कंबरेपर्यंत बेशरमच्या झुडपांत उभे राहून त्यांची वाट बघत होतो. शेवटी एका पोट्ट्याने त्यांना सायकलवर डबलसीट आणलं. वैतागले असतील असं वाटलं होतं, पण ते हसत होते. म्हणाले, "आमच्याकडे पारावर बसतात, तुमच्याकडे पार बांधतात."

गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं, जिल्हा गोंदिया. याच तालुक्यातला नवेगावबांध बऱ्याच लोकांना माहीत असतो. कोलू पाटील कोहळीने बांधलेला तो तलाव, भोवतीचे डोंगर, जंगल, हिवाळ्यात येणारी बदकं. आमचा तलाव त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पावसाळ्याच्या शेवटी पाणी पसरतं ते तीसेक हेक्टरवर. एका बाजूला पार, पारीवर मोहाची आणि आंब्याची जुनी झाडं, मधोमध दगडी घाट. पारीच्या खाली धानाच्या बांध्या, आणि वरच्या अंगाला, पाणी ओसरलं की उघडं पडणारं तलावाचं पोट.

मी ढिवराचा, म्हणजे मासेमाराचा मुलगा. नागपूरला एका गोदामात कामाला होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महिनाभरासाठी म्हणून गावी आलो आणि इथंच राहिलो. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेला सचिव पाहिजे होता. आधीच्या सचिवांना नवीन चष्मा लावूनही ऑनलाइन अर्ज दिसत नव्हता. माझ्याकडे लॅपटॉप होता. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

पहिलं वर्ष हिशेब समजून घेण्यातच गेलं. तलावाचा ठेका संस्थेकडे. दरवर्षी पावसाळ्यात बीज विकत आणायचं, कतला, रोहू, मृगळ. हे मासे वाहत्या नदीच्या पाण्यात अंडी घालतात, आमच्या थांबलेल्या पाण्यात नाही. म्हणून वर्षाला नवीन बीज आलंच. कधी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मिळते, पैसे कमी असले की अर्धबोटुकलीवर भागवावं लागतं. सोडलेलं बीज फेब्रुवारी-मार्चपर्यंत किलोभराचं झालं तर पैसा. पण आमच्याकडे डिसेंबरातच पाणी गुडघ्यावर यायचं. २०२१ च्या हंगामात आम्ही जानेवारीत जाळं ओढलं तेव्हा पावशेराचे मासे निघाले. व्यापाऱ्याने टोपलीत हात घालून दोन मासे उचलले, परत टाकले आणि विचारलं, "हे इकून रायले का वाटून रायले?" बीजाची उधारी फिटली नाही.

घाटावर त्या दिवशी आमचे आबाजी बसले होते. आबाजी म्हणजे माझ्या आईचे काका. वय त्यांनाही माहीत नाही. डोंगा (लहान होडी) त्यांच्याइतका सरळ अजून कोणी नेत नाही. ते म्हणाले, "आमी मरळ कधी इकत आनली होती का रे? शिंगूर इकत आनला का? झिंगे?"

म्हटलं, "मग आता काहून नाही मिळत?"

"घर मोडलं त्यायचं."

हे घर म्हणजे पाण्यातली वनस्पती. आबाजींच्या लहानपणी तलावात कमळ होतं, कडेला देवधान होतं (आपोआप उगवणारा रानधान, त्याचे दाणे पाखरं खातात), पाण्याखाली फितीसारख्या लांब पानांची आणि कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार अशी गवतं होती. मरळ उथळ पाण्यात त्या गवताच्या आडोशाला अंडी घालते. आता तिथं होतं बेशरम. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पाच-सहा फुटी झुडूप, फिकट जांभळी फुलं, दिसायला छान. दक्षिण अमेरिकेतून आलेलं. कोणी एके काळी कुंपणासाठी लावलं, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तोडलं तर तोडलेला तुकडा पाण्यात पडून तिथंच मूळ धरतो. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण बरोबर ठेवलं.

तेव्हा ठरवलं की बेशरम काढायचं आणि गवत लावायचं. ही अक्कल आमची एकट्याची नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या संस्थांना सोबत घेऊन आमच्या भागातल्या तलावांवर असं काम बरीच वर्षं केलं आहे. आम्ही शेजारच्या गावचं बघून आलो आणि जिद्दीला पेटलो. तिथं जमतं, इथं का नाही?

पण तलावात फावडं मारायचं तर आधी तलाव कोणाचा ते ठरावं लागतं. मी कागद शोधायला लागलो तेव्हा समजलं की आमच्या तलावाला मालकांची कमी नाही. मूळ बांधला कोहळ्यांच्या (तलाव बांधणारा शेतकरी समाज) पूर्वजांनी, चांद्याच्या गोंड राजांच्या काळात. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा तेव्हाचा रिवाज सांगतात. पुढे इंग्रजांच्या काळात मालगुजार (सारा वसूल करणारे जमीनदार) आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून कागदावर आमचा तलाव 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर मामा आहेत, आणि बहुतेक भाच्यांना त्यांची आठवण ऑक्टोबरात येते. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, तसा आमचाही. पाणी धानाला. मासे संस्थेचे. आणि अंघोळीचा, गुरं पाजायचा, कपडे धुवायचा निस्ताराचा हक्क अख्ख्या गावाचा. वरच्या अंगाला पाणी ओसरलं की तलावाच्या पोटातच दोन-चार जण पेरणी करतात. त्यांचा हक्क कुठेच लिहिलेला नाही आणि तोच सगळ्यांत पक्का आहे.

परवानगीचं फार लांबवत नाही. तीन कार्यालयांत अर्ज दिले. एका ठिकाणी फाइल हरवली, दुसऱ्याने विचारलं की मत्स्यसंस्था गवत का लावते, तिसऱ्याने सही दिली. चार महिने गेले. ग्रामसभेत मात्र ठराव पहिल्याच बैठकीत झाला, कारण बेशरमच्या आडोशाला रानडुकरं येऊन बसतात आणि धानाची नासाडी करतात, हे पाटलांनाच पटलेलं होतं. गवताबद्दल कोणी काही विचारलं नाही. मीही फार सांगितलं नाही.

काम रोजगार हमीत बसवलं. मजुरी तेव्हा दिवसाला २५६ रुपये होती. नेमकं त्याच मे महिन्याच्या १६ तारखेपासून वीस किंवा जास्त मजूर असलेल्या कामावर मोबाइलवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी लावणं सक्तीचं झालं. तलावाच्या पोटात नेटवर्क नाही. पारीवरच्या तिसऱ्या मोहाखाली दोन काड्या येतात. त्यामुळे सकाळी सगळे पारीवर चढून फोटोला उभे राहायचे, मग खाली उतरून काम, दुपारी पुन्हा वर. एका मावशीचं म्हणणं होतं की तिचा फोटो चांगला आला नाही तर पैसे कमी येतील. ती रोज केसांना तेल लावून यायची.

बेशरम मुळासकट उपटावं लागतं. कुदळीने भोवतालची माती सैल करायची, दोघांनी बुडखा धरून झुलवायचा, मग ते खर्रकन निघतं आणि दोघंही मागं पडतात. पांढरा चीक हाताला लागला की चिकटून बसतो, राखेने घासल्याशिवाय जात नाही. उपटलेलं पारीवर नेऊन उन्हात उलटं टाकायचं, मुळं वर. आठ दिवसांनी जाळायचं. पहिल्या दिवशी तरुण पोरांनी उत्साहात कोयत्याने सपासप तोडलं आणि तुकडे तिथंच सोडले. आबाजींनी पारीवरून ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. दुसरा दिवस तुकडे वेचण्यात गेला.

जमीन नुसती मोकळी करून भागत नव्हतं. वर्षानुवर्षं गुरं आणि ट्रॅक्टर फिरून तलावाचं पोट रस्त्यासारखं टणक झालेलं. तिथं मूळ धरणार कसं? एका शेतकऱ्याकडून ट्रॅक्टर भाड्याने घेऊन ती पट्टी नांगरली. तलावात नांगर चाललेला बघून बाजूच्या गावातले लोक विचारायचे, "का जी, तलावात धान लावता का आता?"

एक भानगड राहिली होती. दोन वर्षांआधी कोणाच्या तरी सल्ल्याने आम्हीच गवत्या मासा सोडला होता. हा मासा नावाप्रमाणे गवत खातो. तो पाण्यात असताना गवत लावणं म्हणजे बकऱ्यांच्या कळपात भाजीचं रोप लावणं. मेच्या शेवटी पाणी फक्त पारीजवळच्या डोहात उरलं होतं. तिथं जाळं फिरवून सहा गवत्ये काढले. सातवा होता, सगळ्यांनी त्याची पाठ बघितली, पण तो काही सापडला नाही.

गवत आणलं दहा किलोमीटरवरच्या एका बोडीतून (लहान तलावातून). तिथल्या संस्थेने पैसे घेतले नाहीत. एक नारळ आणि सगळ्यांना जेवण, एवढ्यावर काम झालं. ओल्या पोत्यात गुंडाळून, वरून पाणी शिंपडत पिकअपमध्ये आणलं. आता लावायचं कधी? जुलैत रोवणा (धानाची लावणी) लागला की गावात एक बाई मोकळी सापडत नाही. रोवण्याच्या मजुरीपुढे तलावातलं गवत कोण लावणार? पण पहिले दोन-तीन पाऊस झाले होते, तलावाच्या पोटात घोटाभर पाणी साचलं होतं, आणि पऱ्हे (धानाची रोपं) रोवायला यायला अजून आठवडा होता. त्या आठवड्यात उरकायचं ठरलं.

आमच्या संस्थेत सगळे पुरुष. बाया मासे विकतात, डोक्यावर टोपली घेऊन पाच गावं फिरतात, पण सभासद पुरुष. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही पुरुषच उतरलो. एक काडी लावायची, पाऊल पुढे टाकायचं, दुसरी लावायची. तासाभराने मागे वळून बघितलं तर लावलेलं अर्धं आमच्याच पायाखाली चिखलात गेलेलं, उरलेलं वर तरंगत होतं. माझी आई पारीवर कपडे वाळत घालत होती. तिने खालच्या आवाजात शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सोळा बाया आल्या. त्यांनी गवताच्या पेंढ्या बांधल्या, पऱ्ह्यांच्या बांधतात तशा. ओळीत वाकल्या आणि मागे मागे सरकत लावत गेल्या. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताने चार काड्या वेगळ्या काढायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, बोट काढताना चिखल मिटवून घ्यायचा. काडी जागची हलत नाही. आयुष्यभर धान रोवलेल्या हातांना यात नवीन काही नव्हतं. अडीच दिवसांत पट्टी संपली. रोवण्याचं गाणंही झालं. संध्याकाळी आई मला म्हणाली, "आमाले सभासद कधी करता जी, सचिव साहेब?" मी म्हटलं पुढच्या सभेत विषय ठेवतो. ठेवला. चार बैठका लागल्या, पण आज आमच्या संस्थेत नऊ बाया आहेत.

पट्टीभोवती बांबू रोवून जाळी लावली, म्हशींसाठी आणि त्या सातव्यासाठी. सप्टेंबरात पाणी भरलं आणि डोंग्यातून वाकून बघितलं की खाली हिरवं दिसायचं. मी तर दिवसातून दोनदा बघून यायचो.

खरी परीक्षा ऑक्टोबरात होती. धान गर्भात असताना आणि निसवताना पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, लोंब्या पोचट निघतात. त्या वर्षी दसऱ्यानंतर ऊन पडलं आणि शेतकऱ्यांनी गेट पूर्ण उघडलं. आधी तिथं तुडूम होता, पाणी सोडायची जुनी सोय. म्हातारे सांगतात, त्याला वरपासून खालपर्यंत भोकं असायची, पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. त्यामुळे पाणी मोजूनमापून निघायचं. आता लोखंडी गेट. उघडं किंवा बंद. दिवसाला वीतभर पाणी उतरायला लागलं. सहा दिवसांत आमच्या पट्टीतलं गवत आडवं झालं.

मी चिडून गेटवर गेलो. तिथं पाटलांच्या घरचे काकाजी बसले होते. मी म्हटलं, तुम्ही आमचं वर्ष बुडवताय. ते म्हणाले, "माझ्या सात एकरांत लोंबी भरून रायली. ती थांबते का तुझ्या गवतासाठी?" खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या घरचंही सव्वा एकर त्याच पाण्यावर आहे, आणि आदल्याच रात्री माझ्या वडिलांनी तिथं पाणी घेतलं होतं. काकाजींना ते माहीत होतं. ते फक्त बोलले नाहीत, माझ्या चिखलाच्या चपलांकडे बघत राहिले.

भांडण ग्रामपंचायतीत गेलं असतं तर दोन जातींचं झालं असतं. कोहळी-कुणबी एकीकडे, ढिवर एकीकडे, आणि गोवारी, गोंड मध्ये उभे. असं इतर गावांत झालेलं आम्ही बघितलं आहे. दिवाळी तोंडावर होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री दंडार किंवा वडसा भागातल्या मंडळीचं नाटक. मंडईच्या तयारीची बैठक कोणी चुकवत नाही. तिथं वर्गणी, मंडप, कोणतं नाटक हे सगळं ठरल्यावर आबाजी उठले आणि म्हणाले, "माझं एक आहे." मग त्यांनी तलावाचं काढलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पाणी तलावातून किती निघतं ते बघू नका, शेवटच्या बांधीत किती पोचतं ते बघा. पाट गवताने आणि गाळाने बुजला आहे. अर्धं पाणी रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत जातं. पाट साफ असता तर निम्म्या पाण्यात सगळ्यांचं धान निघालं असतं. मग ते म्हणाले की पाट ढिवर साफ करतील. दरवर्षी, फुकट, पोळ्याच्या आत. त्याबदल्यात घाटाच्या खालून पाचव्या पायरीखाली पाणी सोडायचं नाही.

आमच्या लोकांना हे आधी सांगितलेलं नव्हतं. फुकट हा शब्द ऐकून माझ्या मागे बसलेले दोघे उठून गेले. मलाही राग आला. दीड किलोमीटर पाट, तो काय एका दिवसाचा? पण काकाजींनी विचारलं, "पाचवीच काहून? चौथी काहून नाई?" आणि तिथं मला समजलं की सौदा झाला, आता फक्त भाव चालू आहे. चौथी, सहावी असं अर्धा तास चाललं. पाचव्या पायरीला पाणी असलं तर उन्हाळ्यात पारीजवळच्या डोहात पुरुषभर उरतं, हे दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. आम्हा तरुणांनाच ते माहीत नव्हतं. शेवटी पाचवीवर थांबलं. कागदावर काही लिहिलं नाही. जो मोडेल त्याने पुढच्या मंडईच्या नाटकाला एक पोतं धान द्यायचं.

२०२३ च्या ऑगस्टात आम्ही पाट साफ केला. पाच दिवस लागले. चौथ्या दिवशी काकाजींचा मुलगा स्वतःहून फावडं घेऊन आला. त्याचं कारण त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बहुतेक पाटाचा त्याच्या शेताजवळचा भाग नीट होतो की नाही हे बघायला आला असावा.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी आबाजींनी मला डोंग्यात बसवलं. गवताच्या पट्टीच्या कडेला नेऊन वल्हं थांबवलं आणि बोटाने दाखवलं. पाण्यात ताटाएवढी शेंदरी ढवळाढवळ दिसत होती. बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं, एकत्र गोळा होऊन वर यायची, हवा घ्यायची, पुन्हा खाली. त्यांच्या खाली काळपट मोठी सावली हलत होती. ती मरळ. पिल्लं मोठी होईपर्यंत ती त्यांना सोडत नाही, जवळ येणाऱ्या बेडकावरही धावून जाते. आबाजी कुजबुजले, "हे बीज कोनत्या दुकानातलं?"

दोन दिवसांनी तिथंच तीन पोट्टे मच्छरदाणी लावून बसलेले सापडले. मच्छरदाणीतून काहीच सुटत नाही, पिल्लंसुद्धा. ती वाटपात मिळालेली नवीकोरी मच्छरदाणी होती, मलेरियासाठी आलेली. त्यातला एक माझा भाचा. जून ते ऑगस्ट गवताच्या पट्टीत कोणी काही टाकायचं नाही असा ठराव मीच लिहिला होता. दंडाचं पोतं माझ्या बहिणीच्या घरून गेलं. ती माझ्याशी राखीपर्यंत बोलली नाही.

आणि नोव्हेंबरात एका रात्री कोणीतरी गेट उघडलं. सकाळी पाणी पाचव्या पायरीच्या चार बोटं खाली. कोणी उघडलं ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी नाव घेतलं नाही. मंडईच्या दिवशी मंडपाच्या मागे एक धानाचं पोतं कोणी ठेवून गेलं होतं, शिवलेलं, वजनाला बरोबर. नाटकाच्या निवेदकाने देणगीदारांची नावं वाचताना 'एक गावकरी' असं वाचलं आणि मंडपात जो हशा झाला त्यात पुढचं नाव ऐकूच आलं नाही.

लोक विचारतात, मग फायदा किती झाला? बीजाचा खर्च कमी झाला, पूर्ण गेला नाही. कतला-रोहू अजूनही आणतो, कारण तोलात तेच भरतात. पण मरळीला भाव चांगला मिळतो, आणि बायांच्या टोपलीत आता उन्हाळ्यातही झिंगे असतात. बेशरम दरवर्षी कुठून तरी पुन्हा उगवतं. सातवा गवत्या गेल्या वर्षी सापडला, त्याचं काय केलं ते सांगत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या आल्या, कमळपक्षी पानांवरून चालताना दिसतो, हिवाळ्यात बदकं उतरतात. सारस आला नाही. जूनमध्ये जिल्ह्यात सारस मोजायला माणसं फिरतात, त्यातले एक जण आमच्या पारीवर पहाटेपासून दुर्बीण लावून बसले होते. त्यांना चहा दिला. ते म्हणाले, येईल कधीतरी. आबाजी म्हणाले, "त्याले माहीत हाये कुठं जायचं ते."

सध्या नवीनच पेच आहे. घाटाचं सौंदर्यीकरण मंजूर झालं आहे. फरशा, रेलिंग, बसायला बाकडी. गावात सगळे खूश आहेत, आईसुद्धा, कारण जुन्या दगडांवर शेवाळाने पाय घसरतो. मागच्या आठवड्यात नकाशा आला. मी तो पंचायतीत उलगडला आणि सवयीने खालून पायऱ्या मोजल्या. जुन्या पायऱ्या नऊ इंची आहेत. नवीन सहा इंची. टेप आणून घाटावर मोजलं, मग नकाशावर मोजलं. आमची खालून पाचवी पायरी नवीन घाटात सातवी आणि आठवी यांच्या मधोमध येते.

काकाजी शेजारीच उभे होते. "म्हंजे साडेसातवी," ते म्हणाले. "साडेसाती लागली म्हना."

त्यांनी लगेच सुचवलं की सातवी धरू. आबाजी म्हणाले, आठवी. ते अजून चालू आहे. ठेकेदाराची माणसं सोमवारपासून दगड काढणार आहेत, तोपर्यंत आम्ही पारीला लागून असलेल्या गेटच्या खांबावर पाचव्या पायरीच्या पातळीला खूण करून घेतोय. लाल ऑइलपेंट आणायला भाच्याला अर्जुनीला पाठवलं आहे. लेव्हल बघायला पारदर्शक नळी पाहिजे, ती काकाजींच्या घरी आहे. ते म्हणाले, मी स्वतः धरीन, तुमच्या हातात देत नाही.